गुलाम झाला पेशवा

जालना जिल्ह्यातील बदनापूर तालुक्यात रोषणगाव नावाचे गाव आहे. आज तेथे शेतकरी कापूस, ज्वारी आणि मका पिकवतात. सुमारे चारशे वर्षांपूर्वी, १६१६ साली, या गावाच्या परिसरात एक मोठी लढाई झाली. एका बाजूला दिल्लीच्या मोगल बादशहाची फौज होती. दुसऱ्या बाजूला अहमदनगरच्या निजामशाहीची फौज होती. निजामशाहीच्या फौजेचा सेनापती साठी ओलांडलेला, काळ्या वर्णाचा, धिप्पाड माणूस होता. तो राज्याचा पेशवा, म्हणजे मुख्य कारभारी होता. पण त्याचा जन्म कोणत्याही सरदाराच्या घरी झालेला नव्हता. लहानपणी तो बाजारात विकला गेला होता. त्याचे नाव मलिक अंबर.

बाजारात विकला गेलेला मुलगा राज्याचा कारभारी कसा झाला? एवढी मोठी बढती त्याला कोणी दिली आणि का दिली? त्याच्या आयुष्याकडे नीट पाहिले, तर या प्रश्नांची उत्तरे मिळतात.

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील इथिओपिया या देशात झाला. त्या देशाला पूर्वी हबश किंवा अबिसीनिया म्हणत, म्हणून तेथून आलेल्या लोकांना आपल्याकडे हबशी म्हणू लागले. त्याचे मूळ नाव चापू होते. त्या काळी माणसांची खरेदी-विक्री होत असे. तांबड्या समुद्राच्या काठावरील बंदरांतून हजारो मुले गुलाम म्हणून परदेशी नेली जात. चापू त्यांपैकीच एक होता. आई-वडील सुटले, गाव सुटले, भाषाही सुटली. एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जात जात तो बगदादला पोहोचला.

बगदादमध्ये मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. हा मुलगा चलाख आहे, सांगितलेले काम चटकन शिकतो, हे मालकाच्या लक्षात आले. त्याने मुलाला लिहायला, वाचायला आणि हिशेब ठेवायला शिकवले. मुलाने इस्लाम धर्म स्वीकारला आणि त्याचे नाव अंबर ठेवण्यात आले. अंबर हा एक मौल्यवान सुगंधी पदार्थ आहे. गुलामांना अशी सुगंधांची किंवा रत्नांची नावे देण्याची तेव्हा रीत होती. याकूत हे नावही त्यांपैकीच एक.

मालकाने शिकवले ते स्वतःच्या सोयीसाठी. शिकलेल्या गुलामाला बाजारात किंमत जास्त येई. परंतु विद्येची एक गंमत आहे. ती एकदा मिळाली की शिकणाऱ्याचीच होते. मालक गुलामाला विकू शकतो, पण त्याने शिकलेला हिशेब त्याच्याकडून परत घेऊ शकत नाही. अंबरच्या पुढील आयुष्यात तलवारीइतकाच हा हिशेबही त्याच्या उपयोगी पडला.

१५७० नंतर लवकरच अंबरला दक्षिण भारतात आणण्यात आले. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतः हबशी होता आणि एकेकाळी गुलामही होता. त्याच्या पदरी असे सुमारे एक हजार हबशी गुलाम होते. अंबर त्या हजारांतला एक. पण या घरात त्याला एक गोष्ट रोज डोळ्यांनी पाहायला मिळाली. गुलाम म्हणून आलेला माणूस राज्याचा कारभार करू शकतो! पेशव्याचे दप्तर कसे चालते, सरदारांची समजूत कशी घालतात, सैन्याचा पगार कोठून येतो, गावांकडून सारा कसा गोळा होतो, हे सारे तो पाहत होता. त्याच्याकडे अजून कोणताही हुद्दा नव्हता, पण हुद्देदाराचे काम मात्र तो शिकत होता.

चार-पाच वर्षांतच चंगीझखानाचा मृत्यू झाला. त्याच्या पत्नीने अंबरला गुलामीतून मुक्त केले. तेव्हा तो पंचविशीच्या पुढे होता. त्याने लग्न केले. त्याच्या पत्नीचे नाव बीबी करीमा. आता तो कोणाच्या मालकीचा नव्हता, पण त्याला कोणाचा आधारही नव्हता. स्वतःच्या हिमतीवर पोट भरायचे होते.

त्या काळच्या फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला घोडा आणि हत्यारे सरकारकडून मिळत, तो बारगीर. ज्याचा घोडा स्वतःचा असे, तो शिलेदार. शिलेदाराला मान अधिक आणि पगारही अधिक. त्याहून वर जायचे तर आपल्यामागे आणखी स्वार उभे करावे लागत. ज्याच्यामागे पन्नास स्वार, तो पन्नासांचा नायक. ज्याच्यामागे पाचशे, तो सरदार. थोडक्यात, किती माणसे आपल्या भरवशावर लढायला तयार आहेत, यावर माणसाचा दर्जा ठरे.

अंबरने पुढची सुमारे वीस वर्षे शिपाईगिरीत काढली. ही वीस वर्षे प्रसिद्धीची नव्हती. इतिहासात त्यांच्याविषयी फारसे लिहिलेले नाही. काही काळ तो विजापूरच्या आदिलशाहीत चाकरीला होता. तेथे त्याच्या कर्तबगारीवर खूष होऊन त्याला मलिक हा किताब देण्यात आला. मलिक म्हणजे प्रमुख. तेव्हापासून तो मलिक अंबर झाला. परंतु किताब मिळाला तरी हाताखालच्या माणसांना पोसण्याइतका पैसा मिळेना. नुसत्या मोठ्या नावाने शिपायाच्या घोड्याला चंदी मिळत नाही. तेव्हा अंबरने विजापूरची चाकरी सोडली आणि १५९५ साली तो आपल्या माणसांसह अहमदनगरला परतला. अभंगखान नावाच्या हबशी सरदाराने त्याला दीडशे स्वारांचा नायक केले. त्या वेळी अंबरचे वय सत्तेचाळीसच्या आसपास होते. इतक्या वर्षांच्या चाकरीनंतर हाताखाली दीडशे स्वार! दुसरा एखादा निराश झाला असता. अंबरने त्या दीडशे स्वारांपासून सुरुवात केली.

तो काळ निजामशाहीसाठी मोठ्या संकटाचा होता. अकबर बादशहाच्या फौजा दक्षिणेत उतरल्या होत्या. चांदबिबीने अहमदनगरचा किल्ला मोठ्या धैर्याने लढवला. पण दरबारात फूट पडली. १६०० साली चांदबिबीची हत्या झाली आणि किल्ला मोगलांच्या हाती गेला. बाल राजाला कैद करून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पाठवण्यात आले. राजधानी गेली, राजा गेला, खजिना गेला. बरेच सरदार मोगलांना सामील झाले. निजामशाही संपली, असेच सर्वांना वाटले.

मलिक अंबरला मात्र तसे वाटले नाही. विखुरलेल्या शिपायांना त्याने एकत्र केले. हबशी, दखनी मुसलमान आणि मराठे, ज्याच्या अंगी धमक असेल त्याला तो जवळ करी. तो वेळेवर पगार देई आणि लुटीत योग्य वाटा देई. दीडशे स्वारांचे हजारो स्वार झाले. मग त्याने निजामशाही घराण्यातील एका तरुणाला शोधून काढले आणि परांडा येथे त्याला दुसरा मुर्तजा निजामशाह म्हणून गादीवर बसवले. आपली मुलगी त्याला दिली. मलिक अंबर राज्याचा पेशवा झाला. हे पद कोणी त्याच्या हाती आयते आणून दिले नव्हते. पद रिकामे होते, काम पडून होते आणि ते काम करू शकणारा माणूस तयार होता.

हे सारे सुरळीत घडले असे मात्र नाही. दौलताबादच्या बाजूला राजू दखनी नावाचा सरदार त्याचा प्रतिस्पर्धी होता. त्याच्याशी अंबरला अनेक वर्षे झगडावे लागले. शेवटी १६०७ च्या सुमारास अंबरने त्याचा पराभव केला. पुढे राजा आणि पेशवा यांच्यातही वितुष्ट आले. १६१० साली राजाचा मृत्यू झाला आणि त्याच्या लहान मुलाला अंबरने गादीवर बसवले. राजा नावाचा आणि सत्ता पेशव्याची, अशी स्थिती होती. दरबारातील राजकारणाचे डाग त्याच्याही अंगाला लागले होते, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु हाती आलेल्या सत्तेचा त्याने काय उपयोग केला, हेही पाहिले पाहिजे.

पहिले काम त्याने केले ते शेतीच्या साऱ्याचे. त्यापूर्वी अनेक ठिकाणी सारावसुलीचा इजारा दिला जाई. जो सरकारला जास्त रक्कम देण्याचे कबूल करी, त्याला वसुलीचा हक्क मिळे. मग तो इजारदार शेतकऱ्यांना पिळून दुप्पट वसूल करी. अंबरने ही पद्धत बंद केली. जमिनीची पाहणी केली. काळी कसदार जमीन आणि मुरमाड हलकी जमीन यांना एकाच दराने सारा लावणे योग्य नाही, हे जाणून त्याने जमिनीची प्रतवारी ठरवली. पीक पाहून सारा ठरू लागला. पाटील, कुलकर्णी या गावकामगारांकडे वसुलीची जबाबदारी दिली. बगदादला शिकलेला हिशेब मराठवाड्याच्या मातीत असा उपयोगी पडला. ही पद्धत इतकी व्यवहारी होती की, त्याच्यानंतरही महाराष्ट्रात मलिकंबरी या नावाने ती ओळखली जात राहिली.

दुसरे काम पाण्याचे. १६१० साली दौलताबादजवळच्या खडकी या खेड्याच्या जागी त्याने नवे शहर वसवले. खडकी म्हणजे नावाप्रमाणेच खडकाळ जागा. एवढ्या लोकांना पाणी कोठून आणणार, असे अनेकांना वाटले. अंबरने उत्तरेकडील डोंगरातून जमिनीखालून पाणी आणण्याची योजना आखली. जमिनीच्या पोटातील झरे एकत्र करून ते बांधीव बोगद्यांतून आणि मातीच्या नळांतून शहराकडे आणले. मध्ये मध्ये हवेसाठी उंच मनोरे ठेवले. पाणी उताराने आपोआप वाहत येई. त्याला ना बैल लागत, ना मोट. ही नहर-ए-अंबरी. पुढे शेकडो वर्षे शहराने तिचे पाणी प्यायले.

या शहराच्या वस्त्यांची नावेही लक्षात ठेवण्यासारखी आहेत. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावे मालोजी, खेलोजी, परसोजी आणि विठोजी या भोसले घराण्यातील मराठा सरदारांवरून पडली, असे सांगितले जाते. आपल्याबरोबर काम करणाऱ्यांना मान देण्याची ही रीत होती. खडकीचे नाव अंबरच्या मुलाने फत्तेनगर केले. १६५३ नंतर ते औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. नावे बदलली, पण शहराचा पाया अंबरचाच.

मोगलांशी लढताना अंबरने गनिमी काव्याचा वापर केला. मोगलांची फौज प्रचंड होती. तोफा, हत्ती, तंबू, बाजारबुणगे असा सारा पसारा घेऊन ती हळूहळू चाले. अंबरचे हलके स्वार डोंगरातून अचानक येत, रसद तोडत आणि दिसेनासे होत. दाणा-वैरण मिळाली नाही की मोठी फौज आपोआप थकून जाई. या कामात मराठा स्वार तरबेज होते. सिंदखेडचे लखुजी जाधव, वेरूळचे भोसले अशा घराण्यांतील माणसे निजामशाहीच्या चाकरीत नावारूपाला आली. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे यांची तरुणपणीची लष्करी चाकरीही याच फौजेत झाली.

आणि मग १६१६ साल उजाडले. मलिक अंबरच्या वाढत्या सत्तेवर त्याचे काही सरदार नाराज होते. काही हबशी आणि काही मराठा सरदार मोगलांना जाऊन मिळाले. अंबरच्या युक्त्या त्यांना माहीत होत्या. शाहनवाजखान या मोगल सेनापतीने वऱ्हाडातून चाल केली. रोषणगावाजवळ दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. अंबरची ताकद लपूनछपून लढण्यात होती. येथे मात्र उघड्या मैदानात, तोफांच्या समोर लढाई झाली. अंबरचा मोठा पराभव झाला. मोगल फौज खडकीपर्यंत गेली आणि तिने नवे शहर उद्ध्वस्त केले. सहा वर्षे खपून उभारलेले शहर राखेत गेले. पुढच्या वर्षी शाहजादा खुर्रम, म्हणजेच नंतरचा शाहजहान बादशहा, दक्षिणेत आला. तेव्हा अंबरला अहमदनगरचा किल्ला आणि बराच मुलूख परत द्यावा लागला.

अंबरचे वय तेव्हा अडुसष्ट-एकोणसत्तर होते. आयुष्यभर एकेक पायरी चढून मिळवलेले सारे हातचे जाण्याची वेळ आली होती. वर चढताना माणसाची हुशारी दिसते, पण त्याची खरी पारख खाली पडल्यावर होते. अंबर रडत बसला नाही आणि नशिबाला दोषही देत बसला नाही. सरदारांची फूट आणि उघड्या मैदानातील लढाई, ही पराभवाची दोन कारणे होती. त्याने दोन्हींवर इलाज केला. शहर पुन्हा बांधायला घेतले. फौज पुन्हा जमवली. १६२० पर्यंत गेलेला बराचसा मुलूख त्याने पुन्हा जिंकला. पुढच्याच वर्षी शाहजादा खुर्रम परत चालून आला आणि खडकीचा पुन्हा विध्वंस झाला. अंबर पुन्हा उभा राहिला.

१६२४ साली त्याची सर्वांत मोठी परीक्षा झाली. या वेळी मोगल आणि विजापूर दोघे एक होऊन त्याच्यावर चालून आले. अहमदनगरजवळील भातवडी येथे अंबरने तळ दिला. तेथे एक तलाव होता. त्याने तलावाचा बांध फोडला. वाटांवर चिखल झाला आणि शत्रूच्या तोफा, हत्ती, गाड्या जागीच अडकून पडल्या. त्यातच शत्रूच्या छावणीतील दाणागोटा संपला. अंबरच्या स्वारांनी छापे घालून त्यांना जेरीस आणले. शेवटच्या हल्ल्यात विजापूरचा सेनापती मारला गेला आणि अनेक मोगल सरदार कैद झाले. या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम गाजवला आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी यांना वीरमरण आले. रोषणगावच्या मैदानात जो हरला होता, तो आठ वर्षांनी भातवडीला जिंकला. या वेळी लढाईची जागा आणि लढाईची रीत त्याने स्वतः निवडली होती.

मे १६२६ मध्ये मलिक अंबर वारला. त्याचे वय ऐंशीच्या जवळ होते. मृत्यूपर्यंत तो पेशवा होता. जहांगीर बादशहा त्याचा इतका राग करी की, आपल्या आठवणींत त्याने अंबरचा उल्लेख नेहमी अपशब्दांनीच केला आहे. परंतु त्याच बादशहाच्या पदरी असलेल्या मुतमदखान या इतिहासकाराने अंबरच्या मृत्यूनंतर वेगळे लिहिले. लष्करी कामात आणि कारभारात त्याला जोड नव्हती आणि हबशी गुलामाने इतकी मोठी योग्यता मिळवल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात सापडत नाही, असा त्याचा अभिप्राय होता. शत्रूच्या लेखणीतून मिळालेली ही शाबासकी कोणत्याही किताबापेक्षा मोठी आहे.

अंबरनंतर त्याचा मुलगा फतेहखान पेशवा झाला. बापाला जे पद मिळवायला पन्नास वर्षे लागली, ते मुलाला घरबसल्या मिळाले. पण त्याला ते टिकवता आले नाही. सात वर्षांतच, १६३३ साली, त्याने दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला. त्यानंतर तीन वर्षांनी निजामशाही कायमची संपली. हुद्दा वारशाने मिळू शकतो, लायकी मिळत नाही. ती ज्याची त्यालाच कमवावी लागते.

आज कोणी शाळेनंतर दुकानात कामाला लागेल, कोणी जालन्याच्या पोलाद कारखान्यात, कोणी बियाण्यांच्या कंपनीत, तर कोणी कचेरीत कारकून होईल. प्रत्येकाला वाटेल की आपल्याला लवकर बढती मिळावी. ती इच्छा चांगली आहे. पण अंबरच्या आयुष्यात बढती नेहमी नंतर आली आणि तयारी आधी झाली. गुलाम असताना तो हिशेब शिकला, शिपाई असताना नायकाचे काम शिकला आणि पेशव्याच्या घरी राहून पेशव्याचे काम शिकला. हाताखालच्या माणसांचे पोट भरेना, तेव्हा त्याने मोठा किताब देणारी चाकरीही सोडली. आपली माणसे तुटली तेव्हा तो हरला आणि माणसे जोडली तेव्हा जिंकला.

खुलदाबाद येथे मलिक अंबरची कबर आहे. एक साधी, भक्कम दगडी इमारत आणि तिच्यावर घुमट. जवळच बीबी करीमाची कबर आहे. ज्या मुलाला लहानपणी बाजारात किंमत लावून विकले होते, त्याची खरी किंमत त्या बाजारात कोणालाच करता आली नव्हती. ती त्याने स्वतःच्या कामाने दाखवून दिली.